सीझर यायच्या आधीच रोमचं प्रजासत्ताक का मोडलं होतं?

२०२५ च्या मार्चमध्ये काठमांडूत माजी राजे ज्ञानेंद्र यांच्या समर्थकांनी मोठी निदर्शनं केली. राजा परत आणा, अशी त्यांची मागणी होती. नेपाळने २८ मे २००८ रोजी राजेशाही संपवली, तेव्हा याच शहरात लोक आनंदाने नाचले होते. त्यानंतर डझनाहून जास्त सरकारं आली आणि गेली. बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला की ज्या देशाने राजाला घालवलं, त्याच देशातल्या काहींना तो इतक्या लवकर परत कसा हवासा वाटतो?

प्रजासत्ताकाला कंटाळणं ही फार जुनी गोष्ट आहे. ती समजून घ्यायला मला रोमचं उदाहरण सगळ्यात उपयोगी वाटतं. तिथलं प्रजासत्ताक पाचेक शतकं चाललं. ते कोसळायला शंभर वर्षं लागली आणि त्या शंभर वर्षांच्या भरपूर नोंदी उरल्या आहेत. आपल्याकडे मात्र ही गोष्ट नेहमी शेवटाकडून सांगितली जाते: सीझर महत्त्वाकांक्षी होता, त्याने सत्ता बळकावली, त्याचा खून झाला. सीझरचा जन्म इ.स.पू. १०० चा. मोडतोड त्याच्या तीसेक वर्षं आधीच सुरू झाली होती आणि तिचं मूळ शेतजमिनीच्या भांडणात होतं.

आधी एक व्याख्या

राज्य कुणा घराण्याच्या मालकीचं नाही, राज्याचं सर्वोच्च पद वारशाने मिळत नाही आणि पदावरची माणसं कायद्याने बांधलेली असतात, अशा व्यवस्थेला प्रजासत्ताक म्हणतात. लोकशाही ही त्याहून वेगळी बाब आहे. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, पण गादीवर राजा आहे, म्हणून ते प्रजासत्ताक नाही. उलट व्हेनिसमध्ये राजा नव्हता, तरी १२९७ नंतर कारभारात भाग घेण्याचा हक्क हळूहळू ठराविक घराण्यांपुरताच उरला. भारत लोकशाही आणि प्रजासत्ताक दोन्ही आहे, त्यामुळे हा फरक आपल्या सहसा लक्षात येत नाही.

रोमची घडी कशी बसवली होती

रोमन परंपरा सांगते की इ.स.पू. ५०९ मध्ये टार्क्विन नावाच्या जुलमी राजाला हाकलून रोमने ठरवलं, पुन्हा राजा नको. मग राजाचे अधिकार दोघांत वाटले. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि एकाचा निर्णय दुसरा रोखू शकत असे. मोठं संकट आलं तर एकाच माणसाला सर्वाधिकार देता येत, पण जास्तीत जास्त सहा महिने. सिनेट ही जुन्याजाणत्या, बहुतेक श्रीमंत माणसांची सभा सल्ला देई आणि तो सल्ला सहसा मोडला जात नसे.

सामान्य लोकांना सुरुवातीला यात फारशी जागा नव्हती. त्यांनी बहिष्कार टाकून, सैन्यात जायला नकार देऊन ती मिळवली. इ.स.पू. ४९४ च्या सुमारास त्यांना स्वतःचे प्रतिनिधी मिळाले. हे ट्रिब्यून. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हे देवाधर्माविरुद्धचं पाप मानलं जाई आणि तो कोणताही सरकारी निर्णय एका शब्दात थांबवू शकत असे. इ.स.पू. ३६७ च्या कायद्यांनी कॉन्सलपदही सामान्य घरातल्यांसाठी खुलं केलं. ही दोन शतकं मला फार महत्त्वाची वाटतात, कारण त्या काळात रोममध्ये भांडणं कमी नव्हती, पण प्रत्येक भांडणातून काही ना काही तडजोड निघाली.

अर्थात ही लोकशाही नव्हती. स्त्रियांना आणि गुलामांना मत नव्हतं. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत श्रीमंतांचे गट आधी मत देत आणि बहुमत पुरं झालं की मतदान तिथेच थांबे. गरिबांची पाळी बरेचदा येतच नसे.

न लिहिलेले नियम

या सगळ्या व्यवस्थेचं एकत्र लिहिलेलं संविधान नव्हतं. बरंचसं रीतीवर चाले. तुमच्या सोसायटीचंच पाहा. उपविधींत सभेची नोटीस, मतदान, मुदत सगळं लिहिलेलं असतं. पण ठरावात हरलेल्या माणसाने गच्चीवर जाऊन पाण्याचा वॉल्व्ह बंद करू नये, हे कुठे लिहिलेलं नसतं. तसं कुणी करत नाही म्हणून सोसायटी चालते. एकदा कुणी केलं आणि पाणी मिळवून देण्याच्या नावाखाली दुसऱ्याने गच्चीचं कुलूप फोडलं, की पुढच्या सभेला लोक कागद घेऊन येत नाहीत, पाना घेऊन येतात.

रोममध्ये वॉल्व्ह बंद झाला तो इ.स.पू. १३३ मध्ये.

जमीन कुणाची

इ.स.पू. २६४ ते १४६ या काळात रोमने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी तीन युद्धं केली आणि भूमध्य समुद्राच्या काठावरचा सर्वात बलाढ्य देश होऊन बसला. ही युद्धं इटलीतल्या छोट्या शेतकऱ्यांनी लढली. सैन्यात भरती व्हायला थोडीफार मालमत्ता लागे, म्हणजे शिपाई हा शेतकरीच असे. तो वर्षानुवर्षं परमुलखात लढत राहिला आणि मागे शेत पडीक पडलं, कर्जात गेलं किंवा शेजारच्या बड्या जमीनदाराने गिळलं. जिंकलेल्या प्रदेशातली सरकारी जमीनही धनिकांनी ताब्यात घेतली आणि युद्धात पकडलेल्या गुलामांकडून कसून घेतली. ज्याच्या जिवावर रोम मोठं झालं तो माणूस भूमिहीन होऊन शहराच्या गल्ल्यांत आला.

इ.स.पू. १३३ मध्ये ट्रिब्यून झालेल्या तिबेरियस ग्राकसने यावर कायदा मांडला. सरकारी जमीन एका माणसाकडे ठराविक मर्यादेपर्यंतच राहील, साधारण ३०० एकर, आणि उरलेली भूमिहीनांना वाटली जाईल. महाराष्ट्रातल्या वाचकाला १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आठवेल, पण तिबेरियसची मागणी त्याहून मवाळ होती. तो खासगी जमिनीला हातच लावत नव्हता.

सिनेटमधल्या अनेकांच्या ताब्यात हीच सरकारी जमीन होती. त्यांनी ऑक्टेव्हियस नावाच्या दुसऱ्या ट्रिब्यूनला पुढे करून कायदा अडवला. हा अधिकार गरिबांच्या रक्षणासाठी जन्माला आला होता. तो इथे त्यांच्याच विरुद्ध वापरला गेला. तिबेरियसनेही मग रीत मोडली. त्याने लोकांच्या मतदानाने ऑक्टेव्हियसला पदावरूनच काढलं, जे आधी कधी झालं नव्हतं. कायदा मंजूर झाला. पुढे तो लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा सिनेटर आणि त्यांची माणसं बाकांचे तुटलेले पाय घेऊन सभेत घुसली. तिबेरियस ठार झाला. प्लूटार्क हा प्राचीन चरित्रकार सांगतो की त्याच्यासोबत तीनशेहून जास्त माणसं मारली गेली आणि प्रेतं टायबर नदीत फेकली.

ज्याच्या अंगाला हात लावणं पाप, त्याला भर दिवसा मारलं आणि मारणाऱ्यांच्या म्होरक्याला शिक्षा झाली नाही. कायदा मात्र तसाच ठेवला, जमीनवाटपाचं कामही काही काळ चाललं. म्हणजे त्या मागणीसोबत जगणं सिनेटला अशक्य नव्हतं. मला या सगळ्या इतिहासात याहून चीड आणणारी गोष्ट दुसरी दिसत नाही.

दहा वर्षांनी तिबेरियसचा भाऊ गायस ट्रिब्यून झाला. त्याने जमिनीसोबत स्वस्त धान्याचाही कायदा केला. इ.स.पू. १२१ मध्ये सिनेटने आणीबाणीचा ठराव करून कॉन्सलला मोकळीक दिली आणि गायसही संपला. या वेळी मारेकऱ्यांच्या हातात ठरावाचा कागद होता.

भूमिहीन शिपाई कुणाचा

जमिनीचा प्रश्न तसाच राहिला आणि दुसऱ्या वाटेने परत आला. इ.स.पू. १०७ मध्ये कॉन्सल झालेल्या मारियसने मालमत्ता नसलेल्यांनाही सैन्यात घेतलं. गरिबाला पगार आणि लुटीतला वाटा मिळू लागला. पण नोकरी संपल्यावर काय? पेन्शन नव्हती. जमीन हवी होती आणि ती द्यायला सिनेट नाखूश. मग ती मिळवून देणार कोण, तर आपला सेनापती. शिपायाची निष्ठा रोमकडून सेनापतीकडे सरकली, यात शिपायाचा दोष मला दिसत नाही.

इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला नावाच्या सेनापतीचं एका मोहिमेचं नेतृत्व राजकारणामुळे काढून घेतलं गेलं. तो फौज घेऊन रोमवरच चालून आला. असं करणारा तो पहिला. अ‍ॅपियन हा इतिहासकार नोंदवतो की त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एक सोडून सगळे त्याला सोडून गेले. शिपाई मात्र सोबत राहिले. पुढे सुल्लाने मुदतीशिवाय सर्वाधिकार घेतले, विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या आणि यादीतल्या माणसाला मारणाऱ्याला बक्षीस ठेवलं. मग त्याने सिनेटला बळकट करणारे कायदे केले आणि स्वतःहून पायउतार झाला. त्याला वाटलं, घडी परत बसली. लोकांच्या लक्षात मात्र राहिलं की फौज आणून रोम घेता येतं.

पाँपी या सेनापतीचं प्रकरण तर डोळे उघडणारं आहे. इ.स.पू. ६२ मध्ये तो पूर्वेकडचे विजय घेऊन इटलीत उतरला आणि रिवाजाप्रमाणे त्याने फौज मोडली. सगळे धास्तावले होते, पण तो सुल्लाच्या वाटेने गेला नाही. त्याची मोठी मागणी होती, माझ्या शिपायांना जमीन द्या. सिनेटमधल्या धाकट्या केटोसारख्या मंडळींनी ती रखडवली. नियम पाळणाऱ्या सेनापतीला नियम पाळल्याची ही फळं मिळाली. मग त्याने क्रॅसस हा बडा धनिक आणि सीझर यांच्याशी हातमिळवणी केली आणि इ.स.पू. ५९ मध्ये कॉन्सल झालेल्या सीझरने जमिनीचा कायदा दांडगाईने करून घेतला. दुसरा कॉन्सल बिब्युलस विरोध करत होता, तो वर्षाचा मोठा भाग घरातच बसून अपशकुन जाहीर करत राहिला.

मग सीझरचा दोष काहीच नाही?

आहे, आणि तो मोठा आहे. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत फौजेसह रुबिकॉन नदी, म्हणजे इटलीची हद्द, ओलांडणं हे त्याचंच कृत्य. पद सुटलं की खटले भरले जातील ही त्याची भीती खरी होती, पण त्यासाठी यादवी पेटवणं समर्थनीय ठरत नाही.

तरी त्याआधीचा एक आकडा पाहा. इ.स.पू. ५० च्या डिसेंबरमध्ये सिनेटपुढे ठराव आला की सीझर आणि पाँपी दोघांनीही आपापल्या फौजा सोडाव्यात. ठरावाच्या बाजूने ३७० मतं पडली, विरोधात २२. जवळपास सगळ्या सिनेटला शांतता हवी होती. पण त्या बावीस जणांच्या गटाने ठराव अमलात येऊ दिला नाही आणि ३७० जण गप्प राहिले. तोवर मताचं वजन इतकं घटलं होतं.

महत्त्वाकांक्षी माणूस हेच खरं कारण असतं, तर त्याला काढून टाकल्यावर प्रजासत्ताक परत यायला हवं होतं. सीझरच्या मारेकऱ्यांची हीच समजूत होती. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला त्यांनी त्याला मारलं. रोममध्ये प्रजासत्ताक परत आलं नाही, नवी यादवी आली. इ.स.पू. २७ मध्ये सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन हा ‘ऑगस्टस’ ही पदवी घेऊन सर्वसत्ताधीश झाला.

त्याने राजा ही पदवी घेतली नाही. आपण प्रजासत्ताक पुन्हा उभं केलं, असाच त्याचा दावा होता. सिनेट भरत राहिली. कॉन्सल नेमले जात राहिले आणि ही प्रथा पार इ.स. ५४१ पर्यंत चालली, म्हणजे खऱ्या सत्तेशी संबंध तुटल्यानंतर साडेपाचशेहून जास्त वर्षं. लोकांनी हे स्वीकारलं, कारण तीन पिढ्यांनी दंगली, याद्या आणि भावाभावातली युद्धं पाहिली होती. ऑगस्टसने धान्य, शांतता आणि शिपायांना निवृत्तीची रक्कम दिली. ते काम ग्राकसच्या काळात सिनेटला करता आलं असतं.

एक आक्षेप इथे रास्त आहे. एका शहरासाठी बनवलेली वर्षभराची पदं एवढा मोठा मुलूख कशी सांभाळणार? दूरच्या प्रांतांत सेनापतींना अनेक वर्षांचे अधिकार द्यावेच लागत. हे कारण खरं आहे. पण पहिला रक्तपात दूरच्या प्रांतात झाला नाही, रोम शहराच्या मध्यावर भरलेल्या सभेत झाला.

लेखी संविधान असतं तर वाचलं असतं?

याचं उत्तर जर्मनीत मिळतं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये तिथे वायमार शहरात नवं संविधान तयार झालं. मूलभूत हक्क होते, स्त्रियांना मतदान होतं. त्यात कलम ४८ होतं. त्यानुसार आणीबाणीत राष्ट्राध्यक्ष संसदेला वगळून अध्यादेश काढू शकत होते.

१९२३ च्या महागाईत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागले, तो तडाखा या प्रजासत्ताकाने सोसला. पुढच्या मंदीत मात्र बेकारांचा आकडा १९३२ च्या सुरुवातीला ६० लाखांवर गेला. १९३० मध्ये बेकारभत्त्याच्या वर्गणीवरून आघाडी सरकार पडलं होतं. त्यानंतर संसदेत बहुमत जमवायचा त्रास टाळून सरकारं कलम ४८ वर चालू लागली. १९३२ मध्ये संसदेने अवघे ५ कायदे केले, अध्यादेश साठच्या आसपास निघाले. हिटलर सत्तेवर यायच्या आधीच संसद बाजूला पडली होती.

तो सत्तेवर आलाही रीतसर. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाची मतं घटून ३३.१ टक्क्यांवर आली होती. तरी ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं, कारण आजूबाजूच्या उच्चभ्रू राजकारण्यांना वाटलं की याला आपण मुठीत ठेवू. २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार ४४४ विरुद्ध ९४ मतांनी सरकारला देऊन टाकला. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. विरोधातली सगळी ९४ मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती, सभागृहात नाझी निमलष्करी पहारा असताना दिलेली. वायमारचं संविधान नाझींनी औपचारिकपणे कधीच रद्द केलं नाही.

आपल्याकडे हे घडलंय का?

बुद्धाच्या काळात आजच्या बिहारमधलं वैशालीचं वज्जी गणराज्य असंच होतं. तिथे क्षत्रिय कुळांची सभा राज्य करी. मगधाच्या अजातशत्रूला ते जिंकायचं होतं. बौद्ध परंपरा सांगते की त्याचा मंत्री वस्सकार बुद्धाकडे गेला, तेव्हा बुद्धाने उत्तर देताना आपला शिष्य आनंद याला विचारलं की वज्जी वारंवार सभा भरवतात ना, एकजुटीने जमतात ना, जुने नियम पाळतात ना. जोवर हे चाललंय तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही. वस्सकाराने त्यातून आपला अर्थ काढला. तो वैशालीत जाऊन राहिला आणि काही वर्षं एकमेकांविषयी संशय पेरत बसला. शेवटी शत्रू आल्याचा नगारा वाजला, तेव्हा कुणी जमलंच नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा इतिहास चांगला ठाऊक होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितलं की भारतात एके काळी गणराज्यं होती, बौद्ध भिक्खू संघांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळं माहीत होतं, आणि भारताने ती व्यवस्था गमावली. राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा आपण बरेचदा ऐकतो. त्याच भाषणातला दुसरा इशारा मला अधिक मोलाचा वाटतो. ते म्हणाले की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात प्रत्येकाच्या मताची किंमत सारखी असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता असेल. ती लवकर दूर केली नाही तर विषमतेचे चटके सोसणारे लोकच हा डोलारा उद्ध्वस्त करतील. रोमच्या सिनेटला इ.स.पू. १३३ मध्ये कुणीतरी नेमकं हेच सांगायला हवं होतं.

एकदा कोसळलं की संपलं?

रोममध्ये संपलं. फ्रान्समध्ये मात्र आजचं प्रजासत्ताक पाचवं आहे. पहिलं १७९२ चं. दुसऱ्याचा घात त्याच्याच निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने केला. लुई नेपोलियनला संविधानानुसार लगेच पुन्हा उभं राहता येत नव्हतं, म्हणून १८५१ मध्ये त्याने संसदच विसर्जित केली आणि वर्षभरात सम्राट झाला. तरी १८७० मध्ये तिसरं उभं राहिलं आणि १९४० पर्यंत टिकलं.

जर्मनांनी १९४९ मध्ये नवं संविधान लिहिताना वायमारच्या जखमा एकेक करून तपासल्या. राष्ट्राध्यक्षाचे आणीबाणीचे अधिकार काढले. मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही यांना धक्का लावणारी घटनादुरुस्ती करायला कायमची बंदी घातली. सगळ्यात विचारपूर्वक केलेली तरतूद अविश्वास ठरावाची. वायमारमध्ये परस्परांचे शत्रू असलेले पक्ष सरकार पाडायला एकत्र येत आणि नवं सरकार द्यायची वेळ आली की पांगत. आता जर्मन संसदेला चॅन्सेलरला हटवायचं असेल, तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर बहुमताने निवडावा लागतो. असा ठराव आजवर फक्त दोनदा आला. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्धचा ठराव दोन मतं कमी पडून फेटाळला गेला. १९८२ मध्ये हेल्मूट श्मिट यांच्याविरुद्धचा मंजूर झाला आणि त्याच दिवशी हेल्मूट कोल चॅन्सेलर झाले.